टोपड्यापासून सुरुवात

आमच्या घरी बाळंतविड्यातली कोणतीही वस्तू विकत आणलेली चालायची, टोपडं आणि मोजे मात्र चालायचे नाहीत. ते आत्याच विणायची. दुपारची जेवणं झाली, मागचं आवरून झालं, की ती खिडकीशी बसायची. मांडीवर पिशवी, पिशवीत लोकरीचा गुंडा, हातात १२ नंबरच्या सुया. समोर कागद कधीच नसायचा. किती टाके घालायचे असं विचारलं, तर म्हणायची, "बाळाच्या डोक्याला पुरतील एवढे." ती उडवाउडवी करत नव्हती. तिच्या बोटांना आकडा ठाऊक होता, तो तोंडाने सांगायची वेळ तिच्यावर आली नव्हती, एवढंच.

ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी भाचीला दिवस गेल्याचं कळलं आणि टोपडं विणायची पाळी माझ्यावर आली. ट्रंकेच्या तळाशी आत्याच्या हातचं एक जुनं टोपडं होतं, खऱ्या लोकरीचं, फिकट पिवळं. ते टेबलावर पसरून मी टाचणीच्या टोकाने एकेक टाका मोजायला बसले. कपाळाच्या कडेला ७२ टाके भरले. सगळ्या ओळी सुलट. कडेपासून मागे दहाएक सेंटिमीटर सरळ वीण, आणि मग डोक्याच्या मागच्या बाजूला एक नीटस चौकोन. त्या चौकोनाला कुठेही शिवण नव्हती. तो कसा झाला असेल, हे उमगायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

युक्ती अशी होती. ७२ टाक्यांचे २४-२४-२४ असे तीन भाग करायचे. विणायचे फक्त मधले २४. प्रत्येक ओळीच्या शेवटी मधल्या भागाचा शेवटचा टाका आणि शेजारच्या भागाचा पहिला टाका एकत्र विणायचे आणि तिथूनच परत फिरायचं. मधले टाके २४च राहतात. बाजूचा एकेक टाका दर ओळीला खर्ची पडतो. ४८ ओळींत दोन्ही बाजू संपतात आणि टोपड्याची पाठ आपोआप तयार होते. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते, म्हणून २४ टाके आणि ४८ ओळी यांचा बरोबर चौकोन होतो. आत्या शाळेत फार शिकली नव्हती. पण हे गणित तिने प्रत्येक टोपड्यात बिनचूक सोडवलं होतं.

मी ते सगळं वहीत उतरवून काढलं. त्या टोपड्याला आणखी दोन पावसाळ्यांत कसर लागली असती, तर ही युक्ती आमच्या घरातून कायमची गेली असती. तुमच्या हातातलं हे पुस्तक त्या वहीच्या जातीचं आहे. स्कार्फ, कानटोपी, टोपडं, हातमोजे, पायमोजे, केसांची पट्टी, बटव्याएवढी छोटी पिशवी अशा रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू कशा विणायच्या, हे लेखिकेने पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत मराठीत लिहून ठेवलं आहे. या कामाचं मोल काय, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत 'विणकाम' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या कामांना वापरतो. पैठणीही विणतात आणि स्वेटरही विणतात. पण मागावर धाग्यांचे दोन संच लागतात, उभे आणि आडवे, आणि ते एकमेकांच्या खालून-वरून जातात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याचा एक फास, त्या फासातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. म्हणून मागावरचं कापड फारसं ताणलं जात नाही आणि सुयांवरची वीण अंगाबरोबर ताणली जाते, सोडली की पुन्हा मूळ जागी येते. डोकं, हात, पाय या शरीराच्या गोल आणि हलत्या भागांना सुयांवरची वीण इतकी छान बसते, त्याचं कारण या फासात आहे. म्हणूनच ती उसवताही येते: शेवटची गाठ सोडून धागा ओढला की सगळी वस्तू पुन्हा गुंड्यात जाते.

महाराष्ट्रात लोकर कमी नव्हती. दख्खनी मेंढीच्या काळ्या, जाड, राठ लोकरीपासून धनगर समाजाने पिढ्यान् पिढ्या घोंगडी विणली. चिंचोक्याची खळ लावलेली ती घोंगडी पावसात पाणी अडवते, थंडीत ऊब देते आणि अंथरायलाही उपयोगी पडते. पण ते मागावरचं काम, आणि ती लोकर बाळाच्या कानाला सोसणारी नाही. सुयांवरचं विणकाम आपल्याकडे बाहेरून आलं आणि आपण ते आपलं केलं.

ते मुळात थंड देशांतलं असेल असं वाटतं, पण सुयांवर विणलेल्या सर्वांत जुन्या उपलब्ध वस्तूंमध्ये इजिप्तचे पायमोजे आहेत, सुमारे सहाशे ते हजार वर्षांपूर्वीचे. ते लोकरीचे नाहीत, सुताचे आहेत. पांढऱ्या आणि निळ्या धाग्यांत नक्षी काढून अनेक सुयांवर गोल विणलेले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'आमच्याकडे कुठे एवढी थंडी पडते' असं म्हणून जे लोक विणकाम बाजूला ठेवतात, त्यांना या कलेचे सर्वांत जुने नमुने सांगतात की ती उन्हाच्या देशात, कापसाच्या धाग्यावर, मोज्यासारख्या लहानशा वस्तूतही तितकीच बहरली होती. या पुस्तकातले निम्मे नमुने सुती धाग्याचे आहेत, हे मला म्हणूनच फार योग्य वाटलं.

हातांची ही कला कागदावर यायला मात्र फार काळ लागला. तोवर यंत्रसुद्धा येऊन गेलं होतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅलव्हर्टन गावच्या विल्यम ली यांनी १५८९ मध्येच मोजे विणणारं यंत्र तयार केलं. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १८४० मध्ये, एडिंबरोच्या जेन गॉगेन यांचं विणकामाच्या नमुन्यांचं पुस्तक निघालं. लोकर आणि भरतकामाचं सामान विकणाऱ्या या बाईंनी प्रत्येक प्रकारच्या टाक्याला एकेक खूण ठरवली आणि पूर्ण वस्तू त्या खुणांत मांडली. आज जगभर नमुने ज्या संक्षिप्त खुणांत लिहिले जातात, त्या रीतीच्या पायाभरणीत गॉगेन यांचा मोठा वाटा आहे. यंत्र असतानाही हाताच्या विणकामाचं पुस्तक खपलं, कारण एकदा नीट लिहिलं गेलं की शिकवणारं माणूस शेजारी नसतानाही ते शिकता येतं.

आपल्या देशातलं एक उदाहरण सांगते. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात केलाँग इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मोरेवियन पंथाचे मिशनरी येऊन राहिले. त्यांच्यातल्या मारिया हायडे यांनी तिथल्या बायकांना सुयांवर मोजे विणायला शिकवलं. लाहौली बायकांनी ती कला घेतली आणि तिच्यावर स्वतःची रंगसंगती, स्वतःची नक्षी चढवली. आज लाहौलचे रंगीत मोजे आणि हातमोजे त्या खोऱ्याची ओळख आहेत, आणि त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एक शिकवणी, एक साधी वस्तू आणि दीडशे वर्षांचा रियाज, एवढ्यावर एका खोऱ्याची कला उभी राहिली.

महाराष्ट्रातही घरोघर विणलं गेलं. पण आपलं ज्ञान शेजारणीकडून शेजारणीकडे, आत्याकडून भाचीकडे असंच गेलं. लिहिलेले नमुने हवे असतील तर बहुतेक इंग्रजीत, तेही तिथल्या थंडीसाठी, तिथल्या धाग्यांसाठी. ज्या बाईची बोटं एखादी वीण पाहूनच उतरवून घेऊ शकतात, तिने त्या खुणांपुढे 'हे आपलं काम नाही' म्हणून पुस्तक मिटावं, यासारखं नुकसान नाही. या पुस्तकात 'सु.' म्हणजे सुलट, 'उ.' म्हणजे उलट, '२ ए.' म्हणजे दोन टाके एकत्र. वाचता वाचता ओठ हलतात आणि हात चालू लागतो. मराठी माणसाला मराठीत विणता यावं, ही साधी गोष्ट या पुस्तकाने करून दाखवली आहे.

आता या वस्तू लहान का, याविषयी. माझं ठाम मत आहे की विणकामाचं जवळजवळ सगळं शास्त्र लहान वस्तूंत सामावलेलं आहे, आणि ते तिथेच शिकावं. स्वेटरपासून सुरुवात करणाऱ्यांचा अर्धा स्वेटर कपाटात पडून राहतो. छोटी वस्तू आठवड्यात पुरी होते, आणि पुरी झालेली पहिली वस्तूच विणणाऱ्याला पुढे नेते.

स्कार्फ हात बसवतो. १५ सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब स्कार्फ सगळ्या ओळी सुलट ठेवून विणायचा, १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि ४० ओळी भरत असतील, तर ३० टाक्यांच्या ६०० ओळी होतात. म्हणजे १८,००० टाके. तेवढे टाके घातल्यावर धागा बोटातून कसा सोडायचा, कुठे आवळायचा, हे वेगळं शिकावं लागत नाही. माझा पहिला स्कार्फ मी एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा विणला होता, आणि तो दोन्ही कडांनी आत वळत नळीसारखा झाला होता. आत्याने तो उलटसुलट करून दाखवला: एका बाजूला सगळे सपाट टाके, दुसऱ्या बाजूला सगळे उभार, म्हणून ओढ दोन्हीकडे सारखी नाही आणि कड वळते. सुलट-उलट एकाच ओळीत आलटून पालटून घेतले किंवा सगळ्या ओळी सुलट घेतल्या, की ओढ सारखी होते आणि कापड सपाट राहतं. ते मी त्या दिवसापासून कधी विसरले नाही.

टोपी माप शिकवते. मोठ्या माणसाचं डोकं ५४ सेंटिमीटर धरलं, तर टोपी थोडी ताणून बसावी म्हणून ४८ सेंटिमीटरची विणतात. १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत असतील तर ९६ टाके. पण तुमचा हात घट्ट असेल आणि तेवढ्याच जागेत २२ टाके बसत असतील, तर तीच ९६ टाक्यांची टोपी साडेत्रेचाळीस सेंटिमीटरची होते आणि कपाळावर वळ उठवते. हात सैल असेल, १८ टाके बसत असतील, तर ती ५३ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि डोळ्यांवर येते. नमुना तोच, सुया त्याच, लोकर तीच. फरक फक्त हाताचा. म्हणून लेखिकेने प्रत्येक नमुन्याच्या डोक्यावर 'आधी चौकोन विणा' असं लिहिलं आहे. कंटाळा करू नका. १० सेंटिमीटरचा चौकोन विणून पट्टीने टाके मोजणं ही थोड्या वेळाची गुंतवणूक आहे, ती सगळी टोपी वाचवते.

माथ्याशी टोपी मिटवताना तर विणकाम चित्रासारखं समोर उलगडतं. ९६ टाक्यांचे १२-१२चे आठ भाग करायचे. एक ओळ सोडून एक ओळ प्रत्येक भागात एक टाका कमी करायचा, म्हणजे त्या ओळीत आठ टाके घटतात. असं अकरा वेळा केलं की आठ टाके उरतात. त्यातून धागा ओवून ओढला, की माथ्यावर आठ पाकळ्यांचं फूल उमटतं.

मोजा मात्र खरी परीक्षा घेतो, कारण त्यात टाच असते. सरळ नळी विणत आलेल्या हाताला एके ठिकाणी काटकोनात वळायचं असतं. मधले टाके विणायचे, कडेला शेजारचा एक टाका गिळायचा, परत फिरायचं. वाचकांच्या लक्षात आलं असेल, आत्याच्या टोपड्याची पाठ ज्या युक्तीने झाली होती तीच ही. टोपड्याची पाठ आणि मोज्याची टाच एकाच रीतीने वळतात, हे ज्या क्षणी हातांना कळतं, त्या क्षणी माणूस नमुन्याच्या मागे चालणं सोडून नमुन्याशी बोलू लागतो. अमेरिकेत राहून विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७१ च्या 'निटिंग विदाउट टिअर्स' या पुस्तकात हाच विश्वास वाचकाच्या हाती दिला: आपला हात किती टाके घेतो ते मोजा, ज्याच्यासाठी विणायचं त्याचं माप घ्या, आणि बाकी हिशोब स्वतः करा. हे पुस्तक त्याच वाटेचं आहे, म्हणून त्यात मापांचे तक्ते आहेत तसे रिकामे रकानेही आहेत.

धागा आणि सुयांबद्दल दोन गोष्टी इथेच सांगते, कारण दुकानात गेल्यावर नवख्या माणसाचा गोंधळ तिथेच होतो. आपण दुकानात जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, आणि ती मोठ्या प्रमाणात लुधियानाहून येते. तिच्यात वावगं काही नाही. ती स्वस्त आहे, घरी धुता येते, रंग चांगले मिळतात. फक्त ती विस्तवाजवळ वितळते, आणि दमट हवेत घाम धरते. निफाडला किंवा महाबळेश्वरला पहाटे कानटोपी घालणाऱ्याला ती चालेल. मुंबईत, कोकणात, गोव्यात बाळासाठी सुती धागाच घ्यावा. सुयांचे नंबर आपल्याकडे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. परदेशी नमुना पाहून काम करणार असाल तर मिलिमीटरवर विश्वास ठेवा, नंबरावर नको.

बाळाच्या वस्तूंबद्दल लेखिकेने ज्या सूचना दिल्या आहेत त्या वगळू नका. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि तिथून ऊब भराभर निघून जाते, म्हणून जन्मल्या जन्मल्या टोपडं घालतात. पण टोपड्याची नाडी लांब नसावी, मणी किंवा गोंडे घट्ट शिवलेले असावेत, आणि मोज्यांच्या आत उलट बाजूला सुटे धागे राहू देऊ नयेत. बाळाची बोटं त्यात अडकतात आणि बाळाला सांगता येत नाही.

चुकेल तेव्हा काय करायचं, यावर पुस्तकात एक आख्खं प्रकरण आहे, आणि ते मला सर्वांत आवडलं. सुईवरून टाका निसटला की तो शिडीच्या पायऱ्या उतरावा तसा ओळीमागून ओळ खाली जातो. नवशिके घाबरून सगळं उसवतात. तसं करू नका. क्रोशाची सुई घ्या, निसटलेला फास तिच्यावर धरा, त्याच्या वरची पहिली आडवी दोरी त्यातून ओढा, मग दुसरी, मग तिसरी. पायरी पायरीने टाका वर येतो आणि सुईवर जाऊन बसतो. पाच ओळी खाली गेलेला टाका असा वर आणला, की हाताची भीती जाते.

आणि कधी सगळंच उसवावं लागलं, तर त्यातही हरवत काही नाही. लहानपणी आई भावाचा आखूड झालेला स्वेटर उसवायची, तेव्हा धाग्याला टाक्यांचे वळसे तसेच राहिलेले असायचे. ती लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची, दांडीवर वाळत घालून खालच्या टोकाला छोटं वजन अडकवायची. वाळल्यावर धागा सरळ होई. मग मी दोन्ही हात पुढे करून लडी धरायची आणि ती गुंडा करायची. त्याच लोकरीची पुढच्या थंडीत माझी टोपी झाली. कापलेल्या कापडाला असं पुन्हा धाग्यात येता येत नाही.

शेवटी, ही कामं कोणी करायची, हेही स्पष्ट लिहिते. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर विणकाम पुरुष करतात. मुलगे लहानपणीच सुया धरतात आणि स्वतःच्या टोप्या स्वतः विणतात. त्या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ मध्ये मानवी वारशाचा मान दिला. आपल्याकडे मात्र सुया फक्त मुलीच्या हातात दिल्या जातात, आणि पुढे तिलाही वेळ मिळत नाही. आठवीतल्या मुलाला भागाकार-गुणाकार टोपीच्या माथ्यावर शिकवून पाहा. निवृत्त झालेल्या वडिलांना स्कार्फचे ३० टाके घालून द्या. हात रिकामे असणाऱ्या कोणालाही हे काम आहे.

वाचकांना एवढीच विनंती. या पुस्तकातली पहिली वस्तू विणून झाली, की त्या पानाच्या समासात चार गोष्टी पेनाने लिहा: कोणासाठी विणली, किती टाके घातले, सुई कितव्या नंबरची, आणि तारीख. पुस्तक विणताना उघडं राहू द्या, त्यावर चहाचा डाग पडला तरी चालेल. तुमच्यामागे ते ज्याच्या हाती जाईल, त्याला तुमचं टोपडं टेबलावर पसरून टाचणीने टाके मोजत बसायची वेळ येऊ नये.